उष्टी हळद, कोरी सुई

हळद लागल्यावर नवरदेवाने कट्यार हातातून खाली ठेवायची नसते, हे बाजीरावकाकांनी सोपानला इतक्या वेळा बजावलं होतं, की डाव्या अंगठ्यावर माशी बसली तेव्हा त्याने ती उजव्या हाताने हाकलली. कट्यारीसकट. माशी वाचली.

लोणावळ्याच्या कार्यालयातून तिघं कॅज्युअल्टीत आले: पिवळाजर्द सोपान, काका आणि सोपानची थोरली बहीण रंजना. रंजनाच्या हातात उष्ट्या हळदीची वाटी. नवऱ्याला लावून उरलेली हळद नवरीला लागते. तिकडे रुपाली पाटावर खोळंबली होती आणि गडबडीत वाटी इकडे आली होती.

टाके पडले, धनुर्वाताची सुई झाली. मग अनिता सिस्टरनी कागद काढला. "वय पंचवीस ना? एचपीव्हीची लस घेतलीय? गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरवरची. इथं येणाऱ्या मोठ्या माणसांना आम्ही विचारतो."

काकांनी आधी सिस्टरकडे, मग सोपानच्या मिशीकडे पाहिलं. "बाई, नीट बगा. नवरदेव हाय ह्यो."

"पुरुषांनाही लागण होते, काका. घशाचा कॅन्सर होऊ शकतो. आणि त्यांच्याकडून बायकोला लागण."

"आमच्या पोराकडनं? सुपारीसुदिक खात न्हाई!"

"नको ताई," सोपान कट्यारीच्या टोकावरच्या लिंबाशी बोलावं तसा पुटपुटला. "कंपनीत पोरं जगू देणार न्हाईत."

रंजना वाटीत बघत राहिली. चार वर्षांपूर्वी आई गेली, ती गावाच्या लेखी 'पोटाच्या दुखण्यानं'. आईने वर्षभर अंगावर काढलं होतं. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं तेव्हा समोर एकटी रंजना होती, आणि ते तिने आजवर गिळून ठेवलं होतं. आता पाटावर तेवीस वर्षांची पोर बसली होती, ह्याच घरात यायला.

"काका, आई ह्याच कॅन्सरनं गेली."

शेजारच्या खाटेवर माकड चावलेला एक पर्यटक होता, तोही कण्हायचा थांबला.

"पोटाचं म्हणलीवतीस," काका हळू म्हणाले.

"आईनंच शपथ घातलीवती."

काका सिस्टरकडे वळले. "ह्या सुईनं वैनी वाचली असती?"

"तरुणपणी मिळाली असती तर बहुतेक हे दुखणं झालंच नसतं."

काकांनी हात पुढे केला. "आण ती कट्यार. दंड उघडा कर."

"खाली ठेवायची नसते ना?"

"खाली कुटं ठेवतोय? मी धरतो!"

धरायला काहीच उरलं नाही म्हणून सोपानने टोकावरचं लिंबूच मुठीत आवळलं. सुई टोचली आणि रस थेट काकांच्या डोळ्यांत. त्यामुळे काका नेमके कशाने रडत होते, हे कुणाला विचारता आलं नाही.

"पुढची दोन महिन्यांनी," सिस्टर म्हणाल्या, "तिसरी सहाव्या महिन्यात."

रिक्षात काकांनी निकाल दिला. "नवऱ्याची हळद नवरीला जाती, तर सुईपण गेली पायजे. रीत म्हंजी रीत."

"आधी तिला विचारू, काका," रंजना म्हणाली.

कार्यालयात वाटी उशिरा आली म्हणून बायकांची कुजबुज चालली होती. रुपालीच्या गालाला हळद लावता लावता रंजनाने तिच्या कानात सगळं सांगितलं, आईसकट.

रुपालीने मान वळवली. "त्यांनी घेतली?"

"घेतली."

"रडले?"

"काका रडले."

रुपालीला हसू फुटलं आणि हळद तिच्या दाताला लागली. "मग पूजा झाली की मीपण येते. पण वन्सं," तिने रंजनाचा हात धरला, "हळद उष्टी चालेल. सुई कोरी सांगा."