कापाबाईचा आवाज

वसू आरशासमोर उभी राहून गाणं म्हणत होती आणि घरात आवाज नव्हता.

मी ओट्यापाशी पोळ्या लाटत होते. तिथून दारातून आरशाचा कोपरा दिसतो. त्या कोपऱ्यात माझ्या साडेचार वर्षांच्या मुलीचं तोंड उघडत होतं, मिटत होतं, मान ठेक्यावर डुलत होती. मी स्टोव्ह बारीक केला, कान दिला. बाहेरून कुणाची तरी सायकल गेली. बाकी काही नाही.

"काय करून राहिली वसू?"

"गॅदरिंगचं गाणं म्हणते. मॅडम म्हणाल्या, बेटा, तुम सिर्फ होंठ हिलाना."

तिनं हे तक्रार म्हणून सांगितलं नाही. डबा संपवला, बूट काढले, तसंच हेही. तव्यावरची पोळी करपली तेव्हा कुठे मी वळले.

वसूचा आवाज जाड आहे. तान्ही असताना ती रडली की शेजारच्या बायका विचारायच्या, मुलगा ना? ती झोपली की मी तिच्या छातीला कान लावून बसायची, घरघर येते का ते ऐकायला. सासूबाईंनी ज्येष्ठमध चाटवून पाहिलं, हळद-दूध झालं. शेवटी भिलाईतल्या सेक्टर नऊच्या दवाखान्यात घशाच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी टॉर्च मारून आत पाहिलं आणि म्हणाले, "घसा उत्तम आहे. आवाजच असा आहे." हे हसत बाहेर आले. मला रडू आलं. आजार असता तर औषध तरी असतं.

शिवाय तो आवाज कुठून आला ते मला माहीत होतं. अमरावतीला सातवीत असताना प्रार्थनेच्या वेळी बाई माझ्यापाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "कमलिनी, तू नुसते ओठ हलव." तेव्हापासून मी हलवत आले. शाळेत, कॉलेजात, गणपतीच्या आरतीला. वसूच्या बारशाला पाच बायका पाळणा म्हणत होत्या आणि मी दोरी हातात धरून नुसते ओठ. माझ्या मुलीनं माझ्या तोंडून एकही गाणं ऐकलेलं नव्हतं. तरी ती ओठ हलवायला शिकली होती.

गॅदरिंगला महिना होता.

त्याच आठवड्यात घरी टेपरेकॉर्डर आला. हे पोलादाच्या प्लांटवर नोकरीला; तिथल्या नव्या कामावर आलेले रशियन इंजिनिअर मुदत संपली की घरातलं सामान विकून परत जात. यांच्या शॉपमधल्या, म्हणजे खात्यातल्या, रशियन साहेबांचंही बिऱ्हाड निघालं होतं. आम्ही गेलो तेव्हा त्यांची बायको झोया खोक्यांच्या मधोमध उभी होती. तिनं टेप यांच्या हातात दिला, मग काहीतरी आठवल्यासारखं करून एक कॅसेट शोधली, माझ्या तळहातावर ठेवली आणि माझी मूठ मिटवली. "अच्छा," ती म्हणाली. तिला हिंदीतला तेवढाच शब्द येत होता. टेपची वायर खोक्यात बांधली गेली ती रशियालाच गेली. आमच्याकडे तो सेलवर चालायचा.

घरी येऊन लावला. पेटीच्या आत कुणी काळोख ढवळावा तसा पियानो वाजला, आणि मग एक बाई. हे लगेच म्हणाले, "सेल उतरले."

सेल उतरले की टेप हळू फिरतो आणि बाईचा पुरुष होतो, हे कुणीही सांगेल. दुसऱ्या दिवशी यांनी सिविक सेंटरच्या बाजारातून नवे सेल आणले. लावला. बाई तशीच. खालून, पोटातून, कुठलीही घाई नसलेली.

"आवाजच असा आहे वाटतं," हे म्हणाले.

हे वाक्य मी आधी ऐकलं होतं. मी खाली बसले.

कॅसेटच्या डबीत एक कार्ड होतं, त्यावर निळ्या शाईनं चार नावं. अक्षरं इंग्रजीसारखी, पण तीन नावांत मधेच एखादं उलटं नाहीतर अनोळखी. दुसरं नाव तेवढं सरळ वाचता आलं. सी, ए, पी, ए. कापा. गाणी इंग्रजी वाटत होती, पण कॅसेट रशियन बाईची; तिकडे बायकांची अशीही नावं असतील असं म्हणून आम्ही ते स्वीकारलं. उरलेल्या तिघींना आम्ही पहिली, तिसरी, चौथी म्हणत होतो.

सासूबाई निवडायला तांदूळ घेऊन बसल्या होत्या. पाच मिनिटं ऐकून म्हणाल्या, "हे बाई रडून राहिली का गाऊन राहिली?"

"दोन्ही, आई."

"मंग एक कायतरी कर म्हना. खडे दिसत नाई मले."

पण उठल्या नाहीत.

दुपारी बारा वाजता वसू बालमंदिरातून यायची. जेवण झालं की आम्ही दोघी मागच्या अंगणात सतरंजी टाकून पडायचो, मधे टेप. थंडीतलं ऊन, दोरीवर ओल्या चादरी, त्यांच्यावर प्लांटची बारीक काळी भुकटी येऊन बसायची. एरवी मी ती झटकायला दहा वेळा उठते. त्या दिवसांत उठत नव्हते. पहिली बाई गायची तेव्हा वाटायचं, कुणीतरी मोठ्या रिकाम्या घरात एकेक दिवा मालवत चाललंय. तिसरीच्या आवाजात विस्तव होता. चौथी प्रत्येक शब्द नखानं सोलून ठेवायची. आणि कापा एका सुराला हात लावायची, तो सोडून देता देता खाली उतरायची, अजून खाली, तुम्हाला वाटावं आता जमीन लागेल, तर तिथं पाणीच. शब्द फारसे कळत नव्हते. बी.ए.चं इंग्रजी तिथं पोचत नव्हतं. वसूला तर काहीच कळत नव्हतं. ती स्पीकरच्या जाळीवर तळहात ठेवून पडायची आणि कापा खाली उतरली की म्हणायची, "हातात येऊन राहिली." मग मीही हात ठेवायची. खरंच येत होती. चादरी हलायच्या, त्यांच्या सावल्या आमच्यावरून जायच्या, वसूचे डोळे मिटायचे, आणि मी कितीतरी वेळ तिचा श्वास मोजायला विसरलेली असायची.

गॅदरिंग चार दिवसांवर आलं तेव्हा आनंदराव घरी आले. ते यांच्याच शॉपमधले, मूळ नागपूरचे, प्लांटनं शिकवलेली रशियन भाषा त्यांना येते म्हणून दुभाष्याचं काम करायचे. चहा देताना मी कार्ड पुढे केलं.

त्यांनी चष्मा वर केला. "नीना, सारा, एट्टा, दीना."

"आणि कापा?"

"कापा कोन?"

मी बोट ठेवलं. ते इतके हसले की चहा बशीत सांडला. "वहिनी, रशियनमधे सी म्हंजे स, अन् पी म्हंजे र. सारा आहे थे. जन्मभर गायली बिचारी, अन् भिलाईत येऊन कापा फनसाचा गरा झाली."

"रशियन नाव नाही वाटत."

"रशियन नाईच. अमेरिकेतल्या काळ्या बाया आहेत ह्या चौघी." मग हसणं थांबवून त्यांनी कार्ड उलटसुलट केलं. "मी वाचलं आहे ह्यायच्याबद्दल. हाटेलात ह्यायचं गानं पाहिजे, पन आत यायचं मागच्या दारानं. पुढून आली तर चालत नाई. आमाले हे समजावून सांगा लागत नाई, वहिनी." त्यांनी कार्ड परत दिलं. "मागून आत जायच्या, अन् मधात उभ्या राहून गायच्या. अशा आवाजात."

वसू दाराशी उभी राहून सगळं ऐकत होती.

गॅदरिंगच्या आदल्या संध्याकाळी मी तिचा फ्रॉक इस्त्री करून खुंटीला लावला. ती खिडकीत बसली होती. प्लांटकडे भट्टीतली तापलेली मळी ओतली की आभाळ लाल होतं, तसं झालं होतं, आणि तिचे गाल, भिंत, फ्रॉक सगळं त्या रंगात.

"आई, कापाबाईले तिच्या मॅडमनं म्हटलं नाही का, ओठ हलव म्हणून?"

"सारा नाव आहे तिचं."

"कापाबाईले नाही म्हटलं?"

"म्हटलं असेल."

"मग?"

"तिनं ऐकलं नाही."

वसू खिडकीतून माझ्याकडे वळली. "तुले म्हटलं होतं?"

"हो."

"तू ऐकलं?"

लाली भिंतीवरून उतरायला लागली होती.  उद्या मोठ्यानं म्हण, असं मी सांगू शकले असते. पण ती माझ्या तोंडाकडे बघत होती. तिचं शिक्षण तिथूनच झालं होतं.

मी तिला मांडीवर घेतलं आणि तिच्या बारशाचा पाळणा म्हणायला सुरुवात केली. पहिला शब्द आलाच नाही, नुसती हवा आली. दुसऱ्याला आवाज फुटला तो इतका खालून की मलाच मागं वळून बघावंसं वाटलं. सतरा वर्षं न उघडलेल्या खोलीत पाय टाकावा तसं. सूर कुठे होता, कुठे नव्हता. वसूनं माझ्या गळ्यावर तळहात ठेवला आणि तो तिथंच राहू दिला.

स्वयंपाकघरातून सासूबाईंचा आवाज आला. "सूनबाई, बंद कर वं तो टेप. सेल उतरले त्याचे."

मी थांबले नाही. थांबले असते तर पुन्हा सुरू करता आलं नसतं. त्या हात पुसत दारात आल्या. त्यांनी कपाटावर पाहिलं. टेप तिथं होता, विणलेल्या रुमालाखाली झाकलेला. मग माझ्याकडे पाहिलं. पाळणा संपेपर्यंत त्या तशाच उभ्या होत्या.

"बारशाले कुठं ठेवला होता हा?" त्या म्हणाल्या. "मले वाटे, मुकी सून आली." आणि जाता जाता, "म्हन अजून. दिवा मीच लावीन."

गॅदरिंगला मी नेहमीप्रमाणे कडेची खुर्ची धरली, वसूला काही झालं तर धावता यावं म्हणून. हे ड्यूटीवर होते. सासूबाई शेजारी बसल्या होत्या. चिमण्यांचं गाणं होतं. वीस मुलं, कागदी पंख, वसू मागच्या ओळीत डावीकडून दुसरी. पेटी सुरू झाली आणि मुलांचा बारीक, गोड किलबिलाट उठला. मी वसूचे ओठ बघत होते. ते उघडत होते. मला तिचा आवाज ओळखता येतो, तो त्यात नव्हता.

दुसऱ्या कडव्याच्या आधी तिनं मला शोधलं. पुढच्या ओळी, मधल्या ओळी, मग कडेची खुर्ची. तिची नजर माझ्या तोंडावर येऊन थांबली.

महिनाभर वसूला आणायला जाताना मुलांच्या तालमी ऐकून ते गाणं मला पाठ होतं. मी म्हणायला लागले. फार मोठ्यानं नाही, बसल्या जागेवरून, माझ्या आवाजात. पुढच्या खुर्चीवरची बाई मागं वळली. कुणाचे तरी वडील गात आहेत असं तिला वाटलं असावं, कारण ती माझ्यावरून नजर फिरवून पलीकडे शोधायला लागली. सासूबाईंनी तिला सांगितलं, "इथंच आहे, बाई. समोर पाहा."

आणि समोर, त्या सगळ्या चिमण्यांच्या खालून, कुठलीही घाई नसलेला एक जाड आवाज वर यायला लागला. बाजूला उभ्या असलेल्या मॅडमनी बोट ओठांकडे नेलं. वसू त्यांच्याकडे बघत नव्हती. मी खुर्चीच्या लाकडी हातावर तळवा ठेवला होता. तो हातात येत होता.