हिरवा की ठिपकेवाला?

सातपूरच्या कारखान्यात बत्तीस वर्षं मी माल तपासला. केसाएवढा फरक असला तरी पीस बाजूला काढायचो, आणि कामगार पाठीमागे मला काय म्हणायचे ते इथे लिहिण्यासारखं नाही. निवृत्त झाल्यावर तीच नजर पक्ष्यांकडे वळवली. इंदिरानगरातल्या आमच्या पक्षीमित्रांच्या गटात कोणी फोटो टाकून विचारायचं, "दिवाकरकाका, हा कोणता?" मी म्हणेन ती पूर्व दिशा. मला ते फार आवडायचं, लपवत नाही.

खरी परीक्षा तुतवारांची. हिवाळ्यात नांदूरमध्यमेश्वर अभयारण्याच्या चिखलात या छोट्या पाणपक्ष्यांच्या दोन जाती हमखास दिसतात, एक ठिपकेवाला आणि एक हिरवा. दोघेही साधारण साळुंकीएवढे, पाठ तपकिरी, पोट पांढरं, दोघांनाही शेपूट हलवायची खोड. भलेभले फसतात. मी सगळ्यांना सांगायचो, "पाय बघा, बाकी सोडा. पिवळट असले तर ठिपकेवाला, हिरवट असले तर हिरवा."

जानेवारीत तिथे पक्षीगणना होती. माझ्या जोडीला बायडाबाई होत्या. पन्नाशीच्या, घरी द्राक्षबाग, आणि दहा वर्षं तिथल्याच गाईड. आमच्या गणनेचा नियम असा, की एकाने दुर्बिणीतून बघून सांगायचं आणि दुसऱ्याने लिहायचं. लिहिणाऱ्याने मध्ये बोलायचं नाही. नियम मीच केला होता.

"ठिपकेवाला, एक," मी म्हणालो. थोडं पुढे गेलो. "ठिपकेवाला, अजून एक."

असे चार झाले. पाचव्याला बायडाबाईंचं पेन थांबलं.

"सर, ह्यो हिरवा हाय."

"पाय बघा, बाई. पिवळे आहेत."

"पिवळे नाय. आन् पाण्याच्या चारीत एकटाच बसलाय, डोळ्यावरची रेघ बी आखूड. मघाचे दोन बी हिरवेच व्हते. मी गप लिहिलं, चुकलं माझं."

माझं डोकं सणकलं. "तुम्ही लिहायचं काम करा. बत्तीस वर्षं माझ्या नजरेखालून एक खोटा पीस गेला नाही!"

त्या वाद घालत बसल्या नाहीत. पाण्यातल्या बगळ्याकडे बोट करून म्हणाल्या, "त्यो कसा दिसतो तुम्हाला?"

"पिवळसर."

"आन् हा कागद?" त्यांनी हातातलं पॅड पुढे केलं.

"जुना आहे. पिवळा पडलाय."

"सर, गठ्ठा आज सकाळी फोडलाय," त्या हळूच म्हणाल्या. "बगळा पांढराफेक हाय, दुधावानी. आमचे सासरे रोज माझ्यावर खेकसायचे, दुधात हळद का घातली म्हनून. मला वाटायचं, म्हाताऱ्याला खोड्या काढायच्यात. दवाखान्यात नेलं तवर लय उशीर झाला. डोळे गेले त्यांचे."

मी बांधावर बसलो. घरी दोन वर्षं माझंही हेच चाललं होतं. शर्ट पिवळे पडतात म्हणून मी बायकोला, इंदिराला, बोल लावायचो आणि तिला तीनदा साबण बदलायला लावला होता. बायको, साबण, कागद, बगळा, सगळे चुकत होते आणि मी तेवढा बरोबर! एवढी भीती मला कधी वाटली नव्हती. नजर गेली तर माझ्याजवळ उरतं काय?

डॉक्टरांनी दोन्ही डोळे तपासले. मोतीबिंदू पिकून पिवळा झाला होता आणि त्यामागे डोळ्यांतला दाबही वाढलेला. "मोतीबिंदू काढता येतो, पण दाबामुळे गेलेली नजर परत येत नाही. आणखी वर्ष काढलं असतं तर अवघड होतं. कोणी पाठवलं तुम्हाला?"

"एका तुतवाराने," मी म्हणालो. त्यांना काही कळलं नाही.

त्याच संध्याकाळी मी गटावर लिहिलं, की दोन वर्षांतल्या माझ्या तुतवारांच्या सगळ्या नोंदी खोडून टाका, नजर माझी बिघडली होती. गटातल्या तरुण सायलीने लगेच विचारलं, "काका, शेवटी तुमचाच पीस रिजेक्ट?" कारखान्यात असं कोणी बोललं असतं तर मी त्याला फाडून खाल्लं असतं. आता हसू आलं.

इंदिराची माफी मागणं जास्त अवघड गेलं. ती म्हणाली, "साबण मी बदललाच नव्हता. त्याच साबणाला नवं खोकं लावायची." या बाईचे उपकार मी कसे फेडू?

मार्चमध्ये, दोन्ही ऑपरेशनं उरकल्यावर, आम्ही दोघं नांदूरला त्याच चारीपाशी गेलो. इंदिराने बायडाबाईंसाठी साडी घेतली होती. त्या घेईनात.

"मी काय मोठं केलं? सासऱ्यांना येळेत सांगता आलं नाय, ते मनात सलत व्हतं. तुमच्याशी बोलले तवा वाटलं, आज तरी गप नाय बसले."

वयाने लहान बाईच्या पाया आमच्यात पडत नाहीत. मी पडलो. वाकलो तशा त्या दचकून मागे सरल्या आणि दबक्या आवाजात ओरडल्या, "अहो सर, हालू नका, पक्षी उडंल!"

चारीतला पक्षी उडालाच. काळसर पंख आणि पाठीमागे शेपटीपाशी पांढरा रंग. इतका पांढरा रंग मी दोन वर्षांत पाहिला नव्हता.

"हिरवा, एक," मी म्हणालो आणि बायडाबाईंचा हात धरून लहान मुलासारखा रडलो.