रंगवलेली खिडकी

मित्रांनो, मला तीन खिडक्या आहेत असं सगळे म्हणतात. खरं तर दोनच आहेत. तिसरी रंगवलेली आहे, आणि माझं सगळं दुःख तिच्यात आहे.

स्कॉटलंडच्या डोंगरांतल्या एका जहागिरीच्या फाटकाजवळचं मी जुनं लॉज, म्हणजे राखणदाराचं घर. मी रानातलं वाटावं अशी जहागीरदारांची हौस, म्हणून माझे खांब सालीसकट उभे केले. सुतार म्हणाला, "साहेब, साल ठेवली तर पाणी मुरेल, किडे घर करतील."

"पण दिसतं किती छान!" साहेब म्हणाले. पुढेही माझ्या वाट्याला हेच वाक्य येत राहिलं.

दोन्ही खिडक्या फाटकाकडे, कारण राखणदाराला येणारी बग्गी दिसायला हवी. मागे तळं होतं. तिकडे खिडकी कशाला? पण साहेब होडीतून फिरायचे, तेव्हा कोरी भिंत त्यांच्या डोळ्यांत खुपायची. मग रंगाऱ्याने भिंतीवर खिडकी काढली. चौकट, काचा, अर्धा सरकवलेला पडदासुद्धा!

पुढे माझ्यात एफी राहायला आली. नवरा शिकारी कुत्री सांभाळायचा, फाटक तिच्या गळ्यात. बग्गी केव्हाही येईल, म्हणून तिला हलता येत नसे. तळ्यापलीकडे तिची आई एकटी राहायची. बरं नसलं तर आईने कुंपणावर पांढरी चादर टाकायची, असं मायलेकींचं ठरलं होतं. एफी रोज फाटक उघडण्याआधी काठावर धावत जाऊन बघून यायची. आई मात्र निर्धास्त होती, कारण तिला पलीकडून माझी खिडकी दिसायची. ती खोटी आहे हे सांगायला एफीची जीभ कधी रेटली नाही.

ऑगस्टमध्ये शिकारीचा हंगाम सुरू झाला. त्या दिवशी उजाडल्यापासून पाहुण्यांच्या बग्ग्यांची रांग लागली आणि एफीला काठावर जाता आलं नाही. दुपारी लाखलन नावाडी आला.

"काय गं एफी, सकाळपासून आईच्या कुंपणावर चादर आहे. तुमची काही खूण असेल म्हणून मी मध्ये पडलो नाही."

"अरे, मला कुठून दिसणार?"

"मागे खिडकी आहे की! रोज बघतो मी."

"रंगवलेली आहे रे ती!" एफी किंचाळली.

फाटक उघडं टाकून ती त्याच्या होडीकडे धावली. ती पोचली तेव्हा आई गेली होती.

तिसऱ्या दिवशी एफीने चुलीजवळचा लोखंडी गज उचलला आणि मागची भिंत आतून फोडायला घेतली. मला दुखलं, पण खोटं कशाला सांगू, बरंही वाटलं. मुठीएवढ्या भोकातून मी पहिल्यांदा तळं पाहिलं. चादर अजून कुंपणावरच होती. आठवडाभरात साहेबांनी भोक बुजवलं आणि एफीला घर सोडायला लावलं.

आता मी जपलेली वास्तू आहे. माझ्यात काही बदल करायचा नाही, असा नियम आहे. आतून पोखरलेले खांब पट्ट्या बांधून सालीसकट उभे आहेत. दर काही वर्षांनी रंगारी खिडकी नवी करून जातो. होडीतले प्रवासी म्हणतात, "किती गोड घर!" आणि मी भिंतीआड कोंडलेलं.

मित्रांनो, मला जपता, हे तुमचे उपकारच. पण मोठे होऊन घर बांधाल, तेव्हा आधी आत राहणाऱ्याला विचारा, तुला काय बघायचंय? आणि कधी इकडे आलात, तर तळ्याकाठी एक चक्कर मारा. परत येऊन मला एवढंच सांगा, पलीकडच्या कुंपणावर काही दिसतंय का.