मल्हारीच्या नाकावरचा गॉगल

मी गॉगल बोलतोय. काळ्या काचांचा, सोनेरी दांड्यांचा. पालमच्या बाजारात दोरीवर लटकत होतो तेव्हा वाटायचं, एखाद्या नवरदेवाच्या डोळ्यांवर बसून वरातीत मिरवावं. पण मला उचललं केवळाबाईनं, मेंढरांमागं फिरून टाचा भेगाळलेल्या बाईनं, आणि नेऊन चढवलं पन्नाशीच्या नवऱ्याच्या नाकावर. मी मनात म्हटलं, झालं कल्याण!

तिचा नवरा मल्हारी. मोटारसायकल घसरली आणि त्याचं डोकं दगडावर आपटलं. टाके निघाले, त्यावर केस आले, आणि गावाच्या लेखी माणूस बरा झाला. आतलं कुणाला दिसणार? ऊन डोळ्यांत गेलं की कपाळात कळ उठायची. दोघं एकदम बोलायला लागले की गरगरायचं. बोलता बोलता शब्द हरवायचा. तांब्या हवा असायचा आणि हा नुसताच हात हलवत राहायचा. मग चिडायचा, आणि चिडल्याचं त्यालाच वाईट वाटायचं. माझ्याआड त्याचे डोळे ओले व्हायचे. मी आजवर कुणाला बोललो नव्हतो.

पारावरची मंडळी विचारायची, "मल्हारी, शूटिंगला निघालास का?" धाकटा भाऊ भागवत तर तोंडावर म्हणायचा, "खायाप्यायला ठणठणीत हाय. मेंढरं वहिनीच्या गळ्यात घालून सोंग करायलाय."

केवळाबाईनं मात्र घराची रीतच बदलली. एका वेळी एकानंच बोलायचं. दुपारी त्यानं अंधाऱ्या खोलीत पडायचं. शब्द सापडेना की ती खुशाल बसून राहायची. "सापडंल की. आपल्याला कुठं यष्टी धरायचीय?"

अशात लेकीचं, दैवशालाचं, लग्न ठरलं. भागवत म्हणाला, "कन्यादानाला मी अन् माझी बायको बसतो. दादाला मांडवात निभायचं न्हाई. अन् गॉगल घालून बसला तर सोयरे काय म्हणतील?"

मल्हारीचे कान तापलेले माझ्या दांड्यांना कळले. लेकीच्या लग्नात बापानंच पाहुण्यासारखं कोपऱ्यात बसायचं! माझा जीव तुटला हो.

दैवशाला भाकरी थापत होती. तिथूनच म्हणाली, "काका, कन्यादान आबाच करतील. गॉगल घालून करतील. सोयऱ्यायला मी सांगते."

आणि पोरीनं सांगितलंही. बोरी गावच्या नवरदेवाला, योगीराजला, तिनं स्वतः फोन लावला. डीजे आलाच नाही. वाजंत्री वेशीबाहेर थांबली. नवरदेवाचे मित्र रुसले, रुसू द्या. भटजींनी मंगलाष्टकं हळू आवाजात म्हटली. शिट्ट्या मारणाऱ्या पोरांना मांडवाबाहेर कोण हाकलत होतं म्हणता? भागवत! रागावलेला माणूस मायेत आला की असाच धावपळ करतो.

मल्हारी केवळाबाईच्या शेजारी पाटावर बसला. लेकीचा हात हातात घेतला आणि तिच्याकडे बघतच राहिला. आता माझ्यातून हळद मातकट दिसते, त्याला मी काय करू? त्यानं मला काढलं.

केवळाबाई घाबरली. "आवं, डोस्कं उठंल!"

"उठू दे. पिवळी झालेली लेक बघू दे मला."

डोळे बारीक करून, कपाळाला आठ्या घालून त्यानं पोटभर पाहिलं. मी त्याच्या मुठीत होतो. तसंच त्यानं कन्यादान पुरं केलं.

मग व्हायचं ते झालंच. लेक सासरी गेली आणि हा डोकं धरून अंधारात पडला. केवळाबाईनं विचारलं, "कशाला काढायचा व्हता?" तो ओठ हलवत शब्द शोधत राहिला. ती बसून राहिली. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "लय... लय देखणी दिसली."

अजून कळ येते. अजून शब्द हरवतात. माझी एक दांडी आता दोऱ्यानं बांधलीय, पण मी रोज कामावर असतो. तुमच्या गावात सावलीतही गॉगल घालून बसलेला कुणी दिसला, तर हसू नका. हळू आवाजात रामराम घाला, आणि त्याचं उत्तर येईपर्यंत थोडं थांबा.