सगळ्यांनी आवळलेला नट

टेबलावर दहा बॉबिनी होत्या — सहा पांढऱ्या, तीन काळ्या, एक निळी — आणि निळीच्या कडेवर कुणाच्यातरी अंगठ्याचा तेलकट ठसा. तो पुसावा की राहू द्यावा, या विचारात ती दोरा ओढून बघायच्या यंत्रासमोर नुसतीच बसून राहिली. पूर्वी असा ठसा दिसला की सुपरवायझर अख्ख्या पाळीला फैलावर घ्यायचा म्हणे. आता सुपरवायझर नव्हता, मालकही नव्हता — कुलूप लावून गेला तो गेलाच, आणि फाटकाशी बसून, कोर्टाचे उंबरे झिजवून कामगारांनी दोऱ्याचा हा कारखाना स्वतःच चालवायला घेतला. "आपण चालवू," असं पहिल्यांदा म्हणाली ती तिची मावशी, पिळाच्या यंत्रावर निम्मं आयुष्य उभी राहिलेली, आता सगळ्यांनी निवडून दिलेली अध्यक्ष. घरात सगळे हसले होते. तीही... हातात नवीकोरी पदवी, मनात म्हणालेली, मावशीचं डोकं फिरलंय. आणि आता तीच इथे माल तपासायला.

पहिली मोठी ऑर्डर. अट एकच : नमुन्याच्या दहा बॉबिनींतला एकही दोरा अकराशे ग्रॅमच्या ताणाआत तुटता कामा नये. आकडे आजच कळवायचे. माल नाकारला गेला तर पुढचं सूत आणायला गाठीशी काही नव्हतं; पुन्हा कुलूप.

सकाळच्या दहांपैकी चार नऊशेलाच तुटले होते. सूत तेच, यंत्र तेच — मग ती खाली यंत्रांपाशी उतरली, आणि पाहते तर ताणाचा नट पार शेवटच्या आट्यापर्यंत गेलेला; दोरा पिळतानाच जास्त ओढला जाऊन कमजोर होत होता.

"हा कोणी आवळला?"

"थोडासाच," तेलपाणी बघणारे काका म्हणाले. "सैल वाटला दोरा."

"अगंबाई, मीपण आवळला की!" शेजारच्या यंत्रावरची बाई म्हणाली.

मग एकेक हात वर होत गेला. सगळ्यांत शेवटी मावशीचा.

"मावशी, तूसुद्धा?"

"आपलं म्हटल्यावर हात स्वस्थ बसतो का गं?"

"मालक असताना लावलं होतंस का बोट?" काकांनी चिमटा काढला.

"तेव्हा नट कुठे असतो तेसुद्धा बघितलं नव्हतं मी!"

सगळे खो खो हसले. तीही हसली, पण हसता हसता आत काहीतरी थबकलं — एवढी माणसं वर्षानुवर्षं या यंत्रांपाशी उभी राहिली आणि एकालाही कधी दोरा सैल वाटला नाही; आज सगळ्यांना वाटला. चूकच ही, चांगलीच महागात पडणारी... पण ज्या चुका तिला शिकवल्या होत्या, त्या सगळ्या दुर्लक्षातून होणाऱ्या; जीव लावल्याने होणारी चूक कुठल्या धड्यात होती? तिथल्या तिथे हात वर करून ठरलं : यापुढे नटाला फक्त कोपऱ्यातल्या यंत्रावरची चष्मेवाली पोरगी हात लावणार. "तिच्याकडे द्या, ती घरात कढईसुद्धा हलवत नाही," मावशी म्हणाली, आणि चष्मेवालीने जीभ दाखवून पाना घेतला.

त्यानंतरच्या मालातल्या या दहा.

ती दोरा अडकवू लागली तसे एकेक जण दाराशी येऊन उभे राहिले. पहिले नऊ बाराशेच्या वर गेले. दर वेळी कुणीतरी श्वास सोडे. दहावा काळा. काटा चढला, दोरा तुटला, काटा थांबला. दारातून काटा दिसत नव्हता, सगळे तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. आकडा कमी आला की हात हलला असेल म्हणायचं आणि दुसरा दोरा ओढायचा — प्रशिक्षणात साहेबांनी सांगितलं होतं, हसत, डोळा मिचकावून. दुसरा दोरा हाताशीच होता. पण ज्यांनी सकाळी एकमेकांसमोर हात वर केले होते त्यांच्यासमोर... आणि मघापासून मनातल्या मनात ती 'यांचा कारखाना' म्हणत नव्हती, 'आपला' म्हणत होती, हे तिला आत्ता कळलं.

"वाच की गं," मावशी म्हणाली. "जे आलं असेल ते."

तिने मोठ्याने वाचलं :

"एक हजार अठ्ठ्याण्णव."