खाचा मोजणारी बोटं

मी एक जुना लाकडी होल्डर आहे. होल्डर म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर दिव्याचा होल्डर आला असणार. तो वेगळा, त्याचं माझं काही नातं नाही. मी फिल्मचा होल्डर. मित्रांनो, तीन पायांवर उभा राहणारा, काळ्या कापडाखाली डोकं घालून बघावा लागणारा मोठा कॅमेरा असतो ना, त्याला गुंडाळलेली फिल्म चालत नाही. त्याला लागते लहान वहीच्या पानाएवढी एकेक सुटी फिल्म, आणि ती बसते माझ्या पोटात. पोटं मला दोन आहेत, एक पुढे आणि एक मागे. दोन्हींवर सरकत्या काळ्या पाट्या आहेत.

ज्या सुताराने मला घडवलं, त्याने मला तीनदा उन्हात धरून फटी शोधल्या. तिसऱ्या वेळी तो म्हणाला, आता आत उजेडाचा कणसुद्धा शिरायचा नाही. त्या शब्दांवर मी आयुष्य काढलं. थोडा गर्विष्ठ आहे मी, पण कामात खोट नाही.

मी आलो एका स्टुडिओत. स्टुडिओ एका जोडप्याचा होता. सगळी गल्ली त्यांना काका-काकू म्हणे, म्हणून मीही तेच म्हणतो. काका फोटो काढायचे आणि काकू अंधाऱ्या खोलीत माझ्या पोटात फिल्म भरायच्या. अंधारी म्हणजे ठार अंधारी. फिल्मला जरा उजेड लागला की ती वाया जाते. मग कुठली फिल्म कुठली हे कसं कळणार? त्यासाठी तिच्या एका कोपऱ्यात खाचा कापलेल्या असतात. आमच्याकडे दोन जातींच्या फिल्म यायच्या. स्लो फिल्मला दोन खाचा, फास्ट फिल्मला तीन. स्लोला उजेड भरपूर लागतो, पण ती पापणीचा केससुद्धा सोडत नाही. फास्टचं थोड्या उजेडात भागतं, पण तिच्या फोटोत बारीक रव्यासारखे ठिपके दिसतात. काकू कोपऱ्यावरून नुसतं बोट फिरवायच्या आणि ओळखायच्या. चाळीस वर्षांत एकदाही चुकल्या नाहीत.

कौतुक मात्र काकांचं व्हायचं. लोक फोटो बघून म्हणायचे, काय हात आहे काकांचा! आतल्या काकूंची कुणाला आठवण यायची नाही. त्याचं त्यांना काही वाटायचं नाही, मला मात्र वाटायचं.

मग लोकांच्या खिशात फोन आले आणि आमचं काम बसलं. मी कपाटात धूळ खात पडलो. त्याच सुमारास काकूंचा उजवा हात थरथरायला लागला आणि बोटांची टोकं बधिर झाली. क्वचित एखादं काम आलं की त्यांची लेक, म्हणजे ताई, फिल्म भरायची. काकू दाराबाहेर स्टुलावर बसून राहायच्या.

एके दिवशी काकांच्या लक्षात आलं, की आपण गावभरच्या माणसांचे फोटो काढले, पण या मोठ्या कॅमेऱ्यावर बायकोचा एकही काढला नाही. स्वतःच्याच कपाळावर हात मारून त्यांनी फ्रिज उघडला. दुधाच्या भांड्यामागे, गारव्यात टिकावा म्हणून ठेवलेला स्लो फिल्मचा डबा होता आणि त्यात शेवटची एकच फिल्म उरली होती. कंपनीने ती बनवणं कधीच बंद केलं होतं. काका म्हणाले, हीच वापरायची, हिची एकेक सुरकुती दिसली पाहिजे. ताई म्हणाली, बाबा, स्लोला चार सेकंद लागतील, आईचा हात तेवढा वेळ स्थिर राहील का? फास्टवर एका सेकंदात काम होईल. दोघं हट्टाला पेटली. चहा गार झाला तरी कुणी माघार घेईना.

शेवटी काकू म्हणाल्या, "फोटो माझा, आणि मला कुणी विचारतच नाही. एका बाजूला स्लो घाला, दुसऱ्या बाजूला फास्ट. आणि भरणार मी."

काकूंनी आणखी एक सांगून टाकलं. "हे चुकलं, तर मी पुन्हा त्या खोलीत पाय ठेवायची नाही."

काकूंनी पेन्सिलीने माझ्या एका बाजूवर 'स्लो' लिहिलं, दुसऱ्या बाजूवर 'फास्ट' लिहिलं आणि दिवा मालवला. दोन डब्यांतून दोन फिल्म काढून टेबलावर ठेवताना त्यांचा हात थरथरला आणि फिल्म एकमेकींवर सरकल्या. आता खाचांशिवाय ओळख नव्हती. काकूंनी बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. मग एक फिल्म माझ्या 'स्लो' बाजूत आली. मला तिच्या खाचा स्पष्ट लागल्या. तीन! मी लाकूड, मी कसा ओरडणार? दुसरी आत सरकली, तिला दोन. काकू समाधानाने बाहेर आल्या, आणि चूक मात्र माझ्या पोटातच राहिली.

काकूंना खिडकीपाशी बसवलं. त्यांनी एका हाताने दुसरा घट्ट धरला. काकांनी 'स्लो' बाजूला चार सेकंद दिले, 'फास्ट' बाजूला एक. म्हणजे एका फिल्मला चौपट उजेड आणि दुसरी जवळजवळ उपाशी.

फिल्म धुवायला काका एकटेच आत गेले. अंधारात त्यांनी 'स्लो' बाजूची फिल्म काढली आणि सहज कोपऱ्यावरून बोट फिरवलं. ते थबकले. दुसरी बाजू उघडून तीही चाचपली.

"बोटं थकली गं तुझी," ते हळूच म्हणाले. माझ्याशिवाय कुणी ऐकलं नाही.

मग ते झटपट कामाला लागले. जिला जास्त उजेड मिळाला होता ती त्यांनी फिल्म धुवायच्या औषधातून लवकर काढली, उपाशी होती ती जास्त वेळ ठेवली. उपाशी अगदीच फिकी आली. दुसरी वाचली. ती वाळल्यावर काकांनी कात्री घेतली आणि तिचा खाचांचा कोपरा कापून टाकला. चाळीस वर्षांत त्यांनी एकाही फिल्मला कात्री लावलेली मी पाहिली नव्हती.

फोटो सुंदर आला. हात जरा पुसट, पण चेहऱ्यावर सगळं आयुष्य. काकूंनी विचारलं, ही स्लोच ना? काका म्हणाले, हो, स्लोच, अगदी बरोबर भरलीस. काकू हसल्या आणि त्यांनी फिल्म मागितली. त्यांचं बोट कडेवरून फिरत कापलेल्या कोपऱ्यापाशी थांबलं.

"कात्री कशाला लावलीत?"

"दुमडला होता कोपरा," काका म्हणाले आणि उगाच चष्मा पुसू लागले.

फिल्म पाकिटात घालून काकू उठल्या. त्यानंतर आठ दिवस अंधाऱ्या खोलीचं दार बंद राहिलं. मी आत टेबलावर पडून होतो आणि मला वाटलं, संपलं सगळं. त्यांनी शब्द दिला होता आणि त्या शब्दाच्या पक्क्या. खरं सांगतो, एवढं वाईट मला धूळ खातानाही वाटलं नव्हतं.

नवव्या दिवशी दार उघडलं. पुढे काकू, आणि त्यांनी हाताला धरून आणलेले काका. काकूंनी दिवा मालवला आणि फास्टचा डबा उघडला.

"खाचा तुम्ही मोजा. आत मी सरकवते."

"अगं, पण मला कुठे सवय आहे मोजायची?"

"कापायला बऱ्या कळल्या होत्या."

अंधारात आधी काका हसले, मग काकू. माझ्या पोटात फिल्म आली ती चार हातांनी. खाचा तीनच होत्या.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखं जुनं काही असेल, तर कधीमधी त्याच्यावरून फडकं फिरवा, आम्हाला तेवढं पुरतं. पण घरातल्या कुणाचे हात थरथरायला लागले, तर त्यांचं काम काढून घेऊन त्यांना दाराबाहेर बसवू नका. त्यांच्याबरोबर आत जा आणि शेजारी उभे राहा.