भाकड गाईच्या पोटातलं पदक

"गिळलं!" सुभेदारांच्या बायकोनं गोठ्यातून बोंब ठोकली. "अहो, तुमचं पदक गाईनं गिळलं!"

सुभेदार अर्ध्या दाढीनिशी धावले. अंगणात जनावरांचा व्यापारी दोर घेऊन उभाच होता. गाय भाकड झालेली, म्हणून सुभेदारांनी विकायला काढली होती. बायकोनं रडून पाहिलं, अबोला धरून पाहिला. पण सुभेदारांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

आणि पदक काही साधंसुधं नव्हतं. लढाईत पायात गोळी घुसलेली असताना सुभेदार शत्रूच्या मशीनगनपर्यंत सरपटत गेले होते, तिचं तोंड कायमचं बंद केलं आणि येताना जखमी सोबत्याला ओढत घेऊन आले. त्याबद्दल मिळालेलं हे पदक; त्याहून मोठा मान देशात नव्हता.

"पदक गोठ्यात आलं कसं?"

"घासायला राख घेत होते, तेवढ्यापुरतं गव्हाणीवर ठेवलं. हिनं जीभ फिरवली की!"

गाय रवंथ करत होती. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. हिच्या मनात तेवढंही दिसत नव्हतं.

"मी नेतो तशीच," व्यापारी म्हणाला. "जनावर घेतलं म्हणजे पोटासकट घेतलं."

"चल, हो बाहेर!" सुभेदारांनी त्याला दोरासकट हाकलला.

मग सुभेदार बादली घेऊन गाईमागे पहाऱ्याला बसले. कुंपणावरून लोहार ओरडायचा, "सुभेदार, सावध! शत्रूनं शेपटी उचलली!" सगळी आळी पोट धरून हसायची. बादल्या भरल्या, पदक काही दिसेना.

शेवटी गुरांच्या डॉक्टरला आणलं. "जड वस्तू पोटात तळाला बसते. खातेपिते आहे ना? मग राहू द्या."

"म्हणजे जन्मभर?" बायकोनं विचारलं. चेहरा भलताच दुःखी.

"जन्मभर."

गाय राहिली. पुढे एकदा चहाला साखर शोधताना सुभेदारांनी चुकून मसुरीचा डबा उघडला. हात घातला तर बोटांना पदक लागलं, राखेनं घासून लख्ख केलेलं. सुभेदारांचं डोकं सणकलं. तोफेसारखे कडाडणार, तोच गोठ्यातून बायकोचा आवाज आला. ती गाईची मान खाजवत तिच्याशी बोलत होती, माहेरच्या माणसाशी बोलावं तशी. सुभेदारांना एकदम गलबलून आलं.

गोळीबारात ज्यानं पाऊल मागं घेतलं नव्हतं, त्यानं पदक पुन्हा मसुरीत खुपसलं आणि डब्याला घट्ट झाकण लावलं.

"काय शोधताय हो?" बायको दारात आली, तिची नजर डब्यावर.

"साखर. राहू दे, बिनसाखरेचा पितो." सुभेदारांनी मिशी चोळली. "आणि तिला पेंड घातलीस का? सरकारी पदक आहे पोटात, उपाशी ठेवू नकोस."